बार मिट्झवाची पार्टी : ८४ वर्षांची आजी आणि आठवीतली पोरं, दोघांनाही मजा येईल असं काय करावं?

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज अडलंय म्हणून लिहितेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, राहायला ठाण्यात, गाव अलिबागकडचं. लेकाला १० इय्यारला (इय्यार हा आमच्या पंचांगातला महिना) १३ पूर्ण होतायत, म्हणजे यंदा एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला, त्याची बार मिट्झवा आहे. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात : १३ झाले की मुलगा धर्माच्या हिशोबात मोठा. त्याला तोरा, म्हणजे आमचा धर्मग्रंथ, वाचायला वर बोलावतात, सकाळच्या प्रार्थनेला तेफिलिन (हाताला आणि कपाळावर बांधायच्या चामडी पेट्या) बांधायचे, किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास पूर्ण करायचा आणि प्रार्थनेला जे किमान दहा पुरुष लागतात त्यात तो मोजला जातो.

सिनेगॉगमधल्या (आमच्या प्रार्थनास्थळातल्या) भागाचं टेन्शन नाही, तो पाठ करतोय, सूर बरा लागतोय. टेन्शन पार्टीचं. पाहुणे साधारण सव्वाशे. सासूबाई ८४ च्या, त्यांच्या बरोबरीच्या दोन आत्या, इस्राएलमधल्या अश्दोदहून दीर-जाऊ आणि त्यांची तीन मुलं, सोसायटीतले लोक (त्यात दोन जैन कुटुंबं), नवऱ्याचे ऑफिसवाले, आणि मुलाची शाळेतली पंचवीसेक टाळकी. सासूबाईंचं म्हणणं, मलिदा करा, लोकांना जेवू घाला, झालं. दिरांना हॉल आणि डीजे पाहिजे. चिरंजीवांना टर्फवर बॉक्स क्रिकेट पाहिजे, "बाकी तुम्हाला काय करायचं ते करा" हे वर. धाकटी वेगळीच फुगलीये, तिचं पुढे. नवरा फक्त "किती होतील?" एवढंच विचारतो.

कोणाला अनुभव असेल तर सांगा. मुंज, कम्युनियन, कशाचाही चालेल.

खवय्या
पहिला मी! मेनू काय?

चष्मिष
आधी एक बाळबोध प्रश्न, रागावू नका. ठाण्यात अजून ज्यू लोक आहेत? मला वाटलं सगळे गेले इस्राएलला.

समुद्रकाठ
@चष्मिष, सगळे गेले असते तर हा धागा कोणी काढला असता? :) १९४८ नंतर बहुतेक गेले हे खरं, पण मुंबई-ठाण्यात आणि रायगडात थोडे आहोत. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने अल्पसंख्याक दर्जाही दिला. टेंभी नाक्याजवळचं शार हाशामायिम बघा एकदा बाहेरून, १८७९ चं आहे. मुंबईतलं सगळ्यात जुनं शारे रहामिम त्याहून जुनं, १७९६, सॅम्युएल एझिकल दिवेकरांनी बांधलं. आमचे म्हातारे सिनेगॉगला मशीदच म्हणायचे आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात.

अबोली, मझल टोव. एक काळजीची गोष्ट मात्र सांगतो. १० इय्यार म्हणजे ओमेरचे दिवस, पेसाह आणि शावुओत या सणांच्या मधले. या दिवसांत लग्नं नाहीत, गाणंबजावणं नाही. बार मिट्झवाचं जेवण घालायला हरकत नसते, पण दिरांचा डीजे बसत नाही त्यात. लाग बाओमेर म्हणजे ३३ वा दिवस, १८ इय्यारला येतो, त्या दिवशी किंवा आपल्या सेफार्दी रीतीने त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोकळं. हॉल बुक करायच्या आधी हझानना, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना, विचारून घ्या.

अबोली_ठाणे
@समुद्रकाठ, अगदी हेच माझ्या डोक्यात घोळतंय. मे पूर्ण सुट्टीचा, म्हणजे शाळेतली मुलं गावाला. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा पाऊस, म्हणजे गच्ची बाद. जुलै-ऑगस्टमध्ये दिराच्या मुलांना सुट्टी, पण तेव्हा तिशा बाआव या शोकाच्या दिवसाच्या आधीचे तीन आठवडे येतात, परत गाणं नाही. कॅलेंडर बघून बघून डोकं दुखतं.

जर्सीकर
मी ज्यू नाही, पुण्याचा, पण न्यू जर्सीत मुलं वाढवली त्यामुळे एक अख्खं वर्ष असं गेलं की दर वीकेंडला मुलगी कुणाच्या तरी बार नाहीतर बाट मिट्झवाला. सातवीतली अर्धी मुलं त्याच वर्षी १३ ची होतात ना. आम्हालाही बऱ्याच ठिकाणी बोलावलं, तर निव्वळ पाहुणा म्हणून काय बघितलं ते सांगतो.

इथे सकाळी सिनेगॉग, संध्याकाळी पार्टी. दारातच किप्पांची (डोक्यावर घालायच्या छोट्या गोल टोप्यांची) टोपली, आतून मुलाचं नाव आणि तारीख छापलेली, माझ्याकडे अजून एक ड्रॉवरभर आहेत. आत एक एम्सी, म्हणजे कार्यक्रम चालवणारा, त्याच्याबरोबर पोरांना नाचायला ओढणारे दोन-तीन तरुण. मग १३ मेणबत्त्या, एकेका मेणबत्तीसाठी आजी-आजोबा, काका, मित्र असं कुणाला तरी बोलवायचं आणि मुलाने त्यांच्याबद्दल दोन ओळी म्हणायच्या. मग होरा, म्हणजे सगळ्यांनी गोल धरून नाच, मुलाला खुर्चीवर बसवून वर उचलतात, आईबापालाही उचलतात (वजन बघून हो म्हणा). मुलींनी उंच टाचांच्या चपला काढल्या की घालायला मोज्यांची टोपली पण असते, हे मला फार आवडलं.

आता खरं मत. ज्या पार्ट्यांत सगळ्यांना एकाच हॉलमध्ये एकाच वेळी एकच मजा द्यायचा हट्ट होता त्या फसल्या. म्हातारी माणसं स्पीकरखाली कानात बोटं घालून, मुलं टेबलाखाली फोनवर आणि मधली पिढी बारपाशी. बऱ्या झाल्या त्या पार्ट्यांत मुलांना वेगळी खोली होती, त्यांचं खाणं वेगळं आणि लवकर, म्हाताऱ्यांची टेबलं स्पीकरपासून सगळ्यात लांब पण दारापासून जवळ, आणि सगळ्यांनी मिळून करायचं फक्त अर्धा-पाऊण तास. आहेर म्हणाल तर १८ च्या पटीत, १८, ३६, ५४ असा. १८ म्हणजे त्यांच्यात आयुष्य.

खवय्या
आमच्यात १०१ आणि ५०१, वरचा रुपया सोडायचा नाही. मेनू??

तटस्थ
स्पष्ट बोलतो. १३ वर्षाच्या मुलासाठी हॉल, एम्सी, टोपल्या हे जरा जास्तच होतंय. आमच्याकडे पण मुंज आता लग्नासारखी करतात, बटूला फेटा, प्री-मुंज फोटोशूट, आणि बटू बिचारा सकाळपासून उपाशी. पोराने गायत्री मंत्र परत म्हटला का हे कुणी विचारत नाही. तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे.

लोदची_लेक
@तटस्थ काका, खर्च करणं आणि माणसं गोळा करणं यात फरक करा की! आम्ही इस्राएलमध्ये लोदला. आईवडील ७० च्या दशकात आले, घरात अजून मराठी. इथे बार मिट्झवा म्हणजे सोमवारी नाहीतर गुरुवारी सकाळी जेरुसलेमला कोतेलवर (जुन्या मंदिराच्या पश्चिम भिंतीपाशी), कारण तोरा आठवड्यात त्या दोन दिवशी वाचतात आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तेफिलिनही नाही, फोटोही नाही. ढोल वाजवत, शोफार, म्हणजे शिंग, फुंकत मुलाला छत्राखालून आत नेतात. बायकांना पुरुषांच्या भागात जाता येत नाही म्हणून आम्ही सगळ्या मधल्या भिंतीलगत खुर्च्यांवर उभ्या राहून वाकून बघतो आणि वाचून झालं की वरून गोळ्या-चॉकलेटं फेकतो. मऊ आणा हो, कडक गोळी लागली की डोळाच जायचा. माझी आजी खुर्चीवर चढली होती गुडघे दुखत असताना, उतरायला मात्र तीन जणं लागली.

संध्याकाळी हॉल. पत्रिकेवर साडेसात, लोक येतात नऊला, हे मात्र कोकणातून जसंच्या तसं आणलंय. दारात पाकिटं टाकायची पेटी. डीजे अर्धा वेळ हिब्रू, अर्धा वेळ हिंदी, आणि बेने इस्राएल असले की एखादं कोळीगीत लागतंच लागतं. ते लागलं की सत्तरीच्या बायका उठतात आणि मोरोक्कोवाले शेजारी तोंडात बोट घालून बघत बसतात. त्यामुळे अबोलीताई, डीजेला सरसकट नाही म्हणू नका. आजी लोकांना गाणं खुपत नाही, त्यांना ओळखीचं नसलेलं गाणं मोठ्याने लागलेलं खुपतं.

समुद्रकाठ
लोदची_लेक, सगळं मान्य पण मलिदा कुठे गेला तुझ्या पोस्टमध्ये?

लोदची_लेक
मलिदा आधी घरी झाला ना! तो हॉलमध्ये कोण करतं.

अबोली_ठाणे
हाच आमच्याकडचा वाद आहे. जाऊबाई म्हणतात हॉलवरच मलिदा करू, शाळेतल्या मुलांना "आपलं कल्चर" दिसेल. सासूबाईंना ते अजिबात पटत नाही.

चष्मिष
मलिदा म्हणजे तो दर्ग्यात असतो तोच का?

समुद्रकाठ
नाव तेच, रीत आमची. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, हे मोठ्या ताटात, भोवती फळं, खजूर, केळी. एलियाहू हानावी या आमच्या प्रेषिताच्या नावाने करतात, नवस फेडायला, लग्नाआधी, नवं घर, मुलाचं काही चांगलं झालं की. अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या घोड्याच्या टापांचा खडक दाखवतात, तिथेही लोक जाऊन मलिदा करतात. मलिद्यात क्रम असतो. झाडाच्या फळावरचा आशीर्वाद वेगळा, केळं जमिनीचं धरतात म्हणून त्याचा वेगळा, आणि सब्जा किंवा गुलाबाच्या पाकळ्या फिरवतात त्या वासाचा वेगळा.

आणि म्हणून मी सासूबाईंच्या बाजूने. ती प्रार्थना आहे, स्टेजवर मांडायची वस्तू नव्हे. मागे एका घरी माइकवर एकजण समजावून सांगत होता आणि मागे ताटं वाजत होती, कोणाचंच लक्ष नाही.

मीनल_डोंबिवली
मला थोडं वेगळं वाटतं. आमच्या शेजारी बेने इस्राएल कुटुंब होतं, लहानपणी त्यांच्याकडे मलिद्याला आम्ही चार-पाच पोरं नेहमी असायचो. स्टेज नाही, माइक नाही, जमिनीवर सतरंजी, डोक्यावर रुमाल टाकून बसायचं आणि आजी हातावर ठेवेल ते खायचं. पहिल्यांदा कळलं की वास घ्यायलाही प्रार्थना असते, ते अजून डोक्यातून गेलं नाही. म्हणजे बघायला बोलावू नका हे पटतं, पण बसायला बोलवा. पंचवीस मुलांना नको, त्याचे सगळ्यात जवळचे तीन-चार.

समुद्रकाठ
@मीनल, हे चालेल. हे छान आहे.

बंड्या_बोरिवली
मुलाच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये म्हणून मी. वय १९, म्हणजे तुमच्यात मीच त्याच्या सगळ्यात जवळचा. मुंजीत मला तीन तास लोकांच्या पाया पडायला लावलं होतं, मित्र आले, एका कोपऱ्यात बसले, जेवले, गेले. टर्फ बुक करा. सकाळी दोन तास. पोरं दमली की संध्याकाळी हॉलमध्ये शहाण्यासारखी वागतील, घरी जाऊन आंघोळ करून यायला सांगा फक्त!!

अबोली_ठाणे
@बंड्या, हा प्रतिसाद लेकाला दाखवला, तो म्हणाला "या दादाला पण बोलाव".

खवय्या
चौथ्यांदा विचारतोय (तिसऱ्यांदा मनात विचारलं होतं). मेनू!

अबोली_ठाणे
खवय्या, सांगते, कारण तोच मोठा घोळ आहे. मटण ठेवायचं तर शोहेतने (धर्माच्या रीतीने कापणाऱ्याने) कापलेलंच लागतं, आणि मटणाबरोबर दूध-दही-तूप काही नाही, म्हणजे आईस्क्रीम बाद. पंचवीस मुलं, जूनचा उकाडा आणि आईस्क्रीम नाही? शिवाय केटररच्या पातेल्यात आदल्या दिवशी काय शिजलं होतं देव जाणे. कोळंबी तर आमच्यात नाहीच, खवलं आणि पर दोन्ही असलेले मासेच चालतात.

खवय्या
कोळंबी नाही?? कोकणात राहून?? दोन हजार वर्षं??? _/\_ साष्टांग.

समुद्रकाठ
सुरमई-पापलेट आहे की. तेवढ्यावर काढली दोन हजार वर्षं.

किचनक्वीन_नाशिक
मी छोटी केटरिंग ऑर्डर घेते, मुस्लिम, जैन, मारवाडी सगळ्यांची, म्हणून सांगते. मिक्स पाहुणे असले की पूर्ण शाकाहारी करा आणि मोकळ्या व्हा. तुमचा दुधाचा प्रश्न सुटला, जैनांचा एक काउंटर कांदा-लसूण-बटाटा न घालता लावला की तेही खूश, ऑफिसमधलं कोणी हलाल खाणारं असेल तर तोही प्रश्न नाही. भांडी नवी किंवा तुमच्या मंडळाची वापरायला सांगा, आणि हे आधी लेखी ठरवा, आयत्या वेळी केटरर "मॅडम धुतलेलीच आहेत" म्हणतो.

मुलांना बुफेत उभं करू नका. चाट, पावभाजी, फ्रँकी, हातात धरून खाता येईल असं, आणि साडेसहालाच. भूक लागलेली १३ वर्षांची पंचवीस मुलं म्हणजे टोळधाड असते. आजी मंडळींना मात्र ताट टेबलावर नेऊन द्या, मऊ पदार्थ दोन तरी ठेवा, आणि त्यांचं जेवण आठच्या पुढे नेऊ नका, गोळ्या घ्यायच्या असतात. बाकीचे जेवतात साडेनऊला, त्यांची काळजी नको.

लोदची_लेक
आणि किद्दुशला, म्हणजे वाईनवरच्या आशीर्वादाला, मनुकांचं सरबत करा ना! काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून. वाईन नको असलेल्यांचा, लहान मुलांचा, सगळ्यांचा प्रश्न सुटतो. इथे बाटलीतला द्राक्षरस मिळतो पण आई अजून मनुकाच भिजवते.

तटस्थ
चांगली चर्चा चाललीये, माझा विरोध मागे घेत नाही पण मवाळ करतो. एक विचारायचं होतं, वडिलांचं काही काम असतं का यात? आमच्यात मुंजीत बाप मांडीवर घेऊन बसतो तरी.

समुद्रकाठ
असतं, आणि फार मजेशीर असतं. मुलाने तोरा वाचली की बापाने एक आशीर्वाद म्हणायचा, त्याचा अर्थ साधारण असा, की या पोराच्या पापपुण्याच्या जबाबदारीतून मला सोडवलंस, देवा तुझे आभार.

तटस्थ
१३ व्या वर्षी सुटका? धर्म कुठे बदलायचा फॉर्म मिळतो?

जर्सीकर
=)) =))
फक्त जबाबदारी सुटते काका, कॉलेजची फी नाही.

मुक्ता_कोथरूड
मला वाटतं सगळ्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट हवी, जर्सीकर म्हणतात तशी अर्ध्या तासाची, आणि ती मराठीतच हवी. तुमच्या समाजात कीर्तनाची परंपरा होती ना? संगीताच्या एका व्याख्यानात ऐकलं होतं, १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी मराठीत कीर्तनं सुरू केली, डेव्हिड हाईम दिवेकर त्यात पुढे होते. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, ओवी, साकी, दिंडी सगळं आपल्याच कीर्तनातलं. ते ठेवा ना. योसेफाची गोष्ट तर कोणालाही आवडेल, भावांनी खड्ड्यात टाकणं, विकणं, पुढे तोच मोठा अधिकारी होणं. शाळेतल्या मुलांनाही मराठी कळतंच.

अबोली_ठाणे
@मुक्ता, तुम्ही माझ्या मामेसासूबाईंना ओळखता की काय? त्या आणि त्यांच्या मैत्रिणी कीर्तन करतात अजून! मी ते या पार्टीशी जोडलंच नव्हतं. पण आठवीतली मुलं ऐकतील?

बंड्या_बोरिवली
पंचवीस मिनिटं ऐकतील. तिसावं मिनिट लागलं की गेली. आणि मुलालाच काहीतरी वाजवायला बसवा म्हणजे बाकीचे चिडवायला तरी थांबतील.

अबोली_ठाणे
तो तबला शिकतो चौथीपासून. विचारते.

मीनल_डोंबिवली
मुलीचं काय? "धाकटी फुगलीये, तिचं पुढे" म्हणालात आणि पुढे काही आलंच नाही.

अबोली_ठाणे
हो तेच! ती ११ ची. मुलींची बाट मिट्झवा १२ ला, म्हणजे पुढच्याच वर्षी. नवरा म्हणतो दोघांचं एकत्र करू, खर्च वाचेल. ती म्हणते दादाच्या केकवर माझं नाव नको. आणि दुसरं म्हणजे आमच्या सिनेगॉगमध्ये मुली तोरा वाचत नाहीत, मग तिचं करायचं काय हाही प्रश्नच आहे.

जर्सीकर
इथे बऱ्याच सिनेगॉगांत मुली वाचतात, काही ठिकाणी नाही. जिथे नाही तिथे मुलगी त्या आठवड्याच्या पराशावर (तोराच्या त्या आठवड्यातल्या भागावर) स्वतः लिहून भाषण करते, कधी आजीबरोबर हाल्ला हा शब्बाथचा पाव भाजते, कधी एखाद्या कामासाठी पैसे उभे करते. एकत्र करू नका. माझ्या मुलीच्या मैत्रिणीचं भावाबरोबर केलं होतं, पाच वर्षं झाली, अजून बोलून दाखवते.

समुद्रकाठ
एकत्र नकोच. आणि खरं तर १२ लाच ती उपासाला बांधील होते, मुलग्याच्या एक वर्ष आधी, म्हणजे तिला मोठं लवकर समजतात. तिचा वेगळा मलिदा करा, ताट तिला लावू द्या.

अबोली_ठाणे
बरं, काल घरात बैठक झाली, थोडी भांडणं, बराच चहा. ठरलं ते लिहिते.

वाढदिवसानंतरच्या पहिल्या गुरुवारी सकाळी सिनेगॉग. गुरुवार म्हणून तेफिलिन पण आणि फोटो पण. हझान म्हणाले गाणंबजावणं नको, बाकी खुशाल करा. तिथून घरी मलिदा, जवळचे नातेवाईक आणि लेकाचे तीन मित्र, जे कोण त्या वेळी ठाण्यात असतील ते. माइक नाही. सासूबाई समोर बसून सांगतील.

पार्टी जूनमध्ये शाळा उघडल्यानंतर आणि शावुओत झाल्यावर, रविवारी. सकाळी टर्फ (छप्पर असलेलं मिळालं). साडेपाचला हॉल. साडेसहाला मुलांचं खाणं, सातला कीर्तन, बरोब्बर पंचवीस मिनिटं, मामेसासूबाईंना घड्याळ दाखवून सांगितलंय, त्या म्हणाल्या आख्यान कापणार नाही, वेगाने म्हणेन. लेक तबल्यावर. मग तो दोन मिनिटं बोलणार, एक मिनिट मराठीत आजीसाठी आणि एक इंग्लिशमध्ये, अश्दोदच्या चुलत भावंडांसाठी. मग सगळ्यांचा एकत्र होरा आणि कोळीगीतं, आणि आठनंतर मुलांसाठी वरच्या मजल्यावरची छोटी खोली, तिथे त्यांचा स्पीकर आणि जावेची मोठी मुलगी डीजे. खाली मोठ्या माणसांच्या गप्पा. शाकाहारी जेवण आणि आईस्क्रीम. दीर जरा नाराज आहेत पण त्यांची मुलगीच डीजे म्हटल्यावर बोलता येईना.

धाकटीचं पुढच्या वर्षी, वेगळं. तिने आत्ताच सांगितलंय की टर्फ तिलाही पाहिजे.

किचनक्वीन_नाशिक
मस्त. एकच, हॉलवाल्याला लिफ्ट चालू आहे का ते त्या दिवशी सकाळी परत विचारा. आणि वरच्या खोलीत एक मोठं माणूस ठेवा, डीजे ताई सोळाची असणार.

अबोली_ठाणे
सतराची. नोंद केली, नवऱ्याला बसवते वर. त्याची सुटका मे मध्येच होणार आहे ना, जूनमध्ये परत कामाला.

तटस्थ
:))

खवय्या
सगळं वाचलं. गोड काय? आईस्क्रीम गोडात धरत नाही मी.

अबोली_ठाणे
चिकाचा हलवा. एरवी रोश हाशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, करतो, पण सासूबाई म्हणाल्या नातवासाठी करणारच.

खवय्या
कृती कृती कृती.

अबोली_ठाणे
गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून पिळून चीक काढायचा. चीक खाली बसला की वरचं पाणी ओतून टाकायचं. मग तो चीक, नारळाचं दूध आणि साखर एकत्र करून जाड बुडाच्या पातेल्यात, आणि ढवळत राहायचं. थांबलात की गुठळी. कडेने सुटायला लागला की थाळ्यात ओतायचा, वरून बदाम-पिस्ते, गार झाला की वड्या. तूप-दूध नसल्यामुळे मटणाच्या जेवणानंतरही चालतो. आजकाल बऱ्याच जणी चिकाऐवजी कॉर्नफ्लॉवर किंवा चायना ग्रास घालतात, सासूबाईंसमोर हे बोलायचं नाही.

लोदची_लेक
किती वेळ ढवळायचं ते सांगितलंच नाहीस. खवय्या, हात दुखेपर्यंत, आणि त्यानंतर अजून तासभर.

खवय्या
मी खायला येतो, ढवळायला बंड्याला पाठवतो.

बंड्या_बोरिवली
मी टर्फवर आहे.